शिपायाच्या घराचें देणें गांवानें कसें फेडावें?

दरवर्षीं डिसेंबर महिना लागला कीं आमच्या मराठी शाळांतून, तहसिलींतून व पंचायत समितींतून लहान लहान कागदी झेंडे वांटले जातात. गडद तांबडा, गडद निळा व फिका निळा असे तीन रंग त्यावर असतात. लष्कर, आरमार व विमानदळ ह्या तिन्हीं दळांची ती खूण आहे. २८ ऑगस्ट १९४९ रोजीं संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति बसली आणि तिनें ७ डिसेंबर हा ध्वजदिन ठरविला. तेव्हांपासून तो पाळला जात आहे. झेंडा छातीला टांचावयाचा, दहा-वीस रुपये डब्यांत टाकावयाचे, आणि दुसऱ्या दिवशीं झेंडा केरांत जावयाचा! देणाऱ्याला विचारावें कीं, "बाबा, तुझ्याच आळींतल्या शिपायाच्या घरीं आज काय अडचण आहे, हें तुला ठाऊक आहे काय?" तर तो गप्प बसतो. आमचें आजचें लिहिणें ह्या गप्प बसण्याविषयीं आहे.

आम्ही वीस वर्षांवर खेड्यांतल्या प्राथमिक शाळेवर आहों. आमच्या हाताखालून गेलेल्या मुलांपैकीं कित्येक आज पलटणींत आहेत. ह्या मुलांचे बाप कोण? कोणी दोन एकरांचा कोरडवाहू शेतकरी, कोणी ऊसतोड्या, कोणी मेंढपाळ, कोणी दुसऱ्याच्या बांधावर राबणारा. वकिलाचा व पेढीवाल्याचा मुलगा शिपायाच्या भरतीच्या रांगेंत पहाटे चार वाजतां धांवतांना आम्हीं पाहिलेला नाहीं. तेव्हां शिपायाच्या घराचा प्रश्न हा कष्टकरी बहुजन समाजाच्या घरचाच प्रश्न आहे, आणि त्याचें उत्तरहि आपणच शोधलें पाहिजे.

आमचें म्हणणें एका वाक्यांत सांगतों. शिपायाच्या घरासाठीं पैसा उभा करणें हें गांवाचें काम आहे. तें वरच्या हुकुमानें वर्षांतून एकदां उरकूं नये. गांवानें तें खुशीनें, आपल्या कष्टांतून, बारमहा करावें. त्याचा पै-पैचा हिशेब ग्रामसभेंत वाचावा. आणि शिपाई कसा मेला हें न विचारतां त्याच्या घरच्यांस हात द्यावा.

प्रथम ध्वजदिनाच्या निधीविषयीं न्यायानें बोललें पाहिजे. तो निधि निरुपयोगी आहे असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. त्यांतूनच केंद्रीय सैनिक बोर्ड, ज्यांना पेन्शन नाहीं अशा हवालदार दर्जापर्यंतच्या ६५ वर्षांवरील वृद्ध माजी सैनिकांस व त्यांच्या विधवांस दरमहा मदत देतें. ही मदत ४,००० रुपये होती. २०२५ सालीं ती दुप्पट करून ८,००० केली. मुलांच्या शिक्षणाची मदत दर मुलामागें महिना १,००० ची २,००० झाली, आणि मुलीच्या लग्नाची ५०,००० ची एक लाख झाली. ज्या म्हातारीच्या घरीं दुसरा पैसा येत नाहीं, तिला हे आठ हजार म्हणजे जीव आहे. म्हणून ध्वजदिनाला जो देतो त्यानें जरूर द्यावें, आणि पावती मागून घ्यावी.

परंतु तो पैसा गोळा करण्याची रीत पाहा! जिल्ह्याला उद्दिष्ट दिलें जातें. जिल्हा तें तालुक्यांस वांटतो, तालुका खात्यांस वांटतो, खातें नोकरांस वांटतें. शेवटीं तें मास्तरच्या पगारपत्रकावर नाहींतर पोरांच्या हातच्या डब्यावर येऊन बसतें. ज्यानें उद्दिष्ट ओलांडलें त्याचा सत्कार होतो. आंकडा भरला, काम संपलें! ज्या पोराच्या घरीं वहीला पैसे नाहींत, त्याला शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या दारीं डबा खुळखुळवीत पाठविणें हें शिक्षण नव्हे. त्यांतून पोर एवढेंच शिकतें कीं देशसेवा म्हणजे वरून आलेला आंकडा खालून भरणें.

ही रीत आजची नाहीं. पहिल्या महायुद्धांत ह्याच मुलखांतून गेलेल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियांत लढल्या. कुतच्या वेढ्यांत पुण्याची सहावी डिव्हिजन सांपडली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं उपासमारीनें तिला शरण जावें लागलें. कैदेंत गेलेले कितीक शिपाई परत आलेच नाहींत. इकडे १९१७ सालीं हिंदुस्थानच्या तिजोरींतून इंग्लंडला दहा कोटी पौंडांची देणगी दिली गेली. ती कोणाच्या सारा-पट्टींतून भरून निघाली हें शेतकऱ्यास सांगावयास नको. दुसऱ्या महायुद्धांत पुन्हां 'वॉर फंड' आला. नांवाला खुशीची वर्गणी, पण मागणारा पाटील-तलाठी असला म्हणजे खुशी किती उरते? ज्याचा मुलगा लढाईवर गेला त्याच्याच दारीं वर्गणीची यादी यावी, ह्याहून मोठी थट्टा कोणती! इंग्रज गेला, ती यादी मात्र आपण जपून ठेवली आहे.

सातारा तालुक्यांत आपशिंगे नांवाचें गांव आहे. घरोघरचे लोक फौजेंत, म्हणून त्याला आपशिंगे मिलिटरीच म्हणतात. पहिल्या महायुद्धांत ह्या एका गांवचे ४६ जवान पडले, आणि त्याची आठवण म्हणून त्या वेळच्या सरकारनें तेथें स्मारक केलें. स्मारकावर मेलेल्यांचा आंकडा राहिला. परंतु त्या ४६ घरांत मागें राहिलेल्या बायांनीं पुढें दिवस कसे काढले, पोरें कशीं वाढविलीं, कोणाच्या शेतावर राबल्या, हें कोणत्या दगडावर लिहिलें आहे? आपल्या समाजाला मेलेल्याचा मान करतां येतो. जगणाऱ्याची विचारपूस करावयाची मात्र आठवण राहात नाहीं.

आतां खरी गोम सांगतों. शिपाई मेला म्हणजे त्याच्या विधवेला पेन्शन मिळतें हें सर्वांस ठाऊक आहे. पण तें तीन प्रतींचें असतें हें थोड्यांस ठाऊक आहे. शत्रूशीं लढतांना पडला, तर त्याच्या शेवटच्या पगाराइतकें. नोकरीमुळें झालेल्या अपघातानें वा आजारानें गेला, तर पगाराच्या ६० टक्के. मृत्यूचा नोकरीशीं संबंध नाहीं असें ठरलें, तर साधें कुटुंब-पेन्शन. तें आरंभीचीं कांहीं वर्षें ५० टक्के व पुढें ३० टक्के. सरकारला कायद्यानें चालावें लागतें, त्याला असा भेद करावा लागत असेल. पण गांवानेंहि तोच भेद करावा काय? गोळी लागून गेलेल्याच्या दारीं पुढारी येतात, फुलांची गाडी येते, चौकाला नांव मिळतें. बर्फांत फुफ्फुस बिघडून दवाखान्यांत गेलेल्याच्या, रजेवर येतांना मोटारीखालीं सांपडलेल्याच्या, किंवा मन खचून आपल्याच हातानें जीव दिलेल्याच्या दारीं कोण येतें? शेवटच्या घराविषयीं तर लोक ओट्यावर बसून कुजबुजतात. चूल तीनहि घरांची विझते. पोरें तीनहि घरांचीं पोरकीं होतात. मरणाची प्रत लावणें हें कचेरीचें काम आहे, गांवाचें नव्हे.

ह्यांत आतां आणखी एका घराची भर पडली आहे. १४ जून २०२२ रोजीं जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेप्रमाणें चार वर्षांसाठीं भरती होते. चार वर्षांनीं शंभरांतले पंचवीसपर्यंत कायम होतात; बाकीचे सुमारें ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधि घेऊन घरीं येतात. त्यांना पेन्शन नाहीं. नोकरींत मृत्यु आला तर विम्याचे ४८ लाख व इतर रक्कम मिळते, पण दरमहा पेन्शन घरच्यांस लागू होत नाहीं. भरतीला मुलगा अविवाहितच लागतो. म्हणजे त्याचें घर तें म्हाताऱ्या आईबापांचें. एकरकमी पैसा आला म्हणजे दूरचे नातलग जवळचे होतात, हें आम्हीं खेड्यांत पुष्कळ पाहिलें आहे. अशा आईबापांस पैशापेक्षां शहाण्या शेजाऱ्याची गरज अधिक असते.

कोणी म्हणेल, सैन्याच्या बायकांच्या संस्था आहेत ना? आहेत. लष्करांतल्या बायकांचें 'आवा' हें मंडळ १९६६ पासून काम करीत आहे आणि छावणींत तें दिसतेंहि. परंतु शिपायाची बायको फार करून छावणींत नसते; ती सासूसासऱ्यांपाशीं, शेतांत आणि गोठ्यांत असते. छावणीचा हात तेथवर पुरत नाहीं. म्हणून ज्या गांवांत पांच-दहा घरें फौजेंतलीं आहेत, तेथें त्या घरांचें आपलें एक मंडळ असावें, आणि त्यांत निम्म्याहून अधिक बाया असाव्या. आजी-माजी शिपायांच्या बायका, त्यांच्या आया, विधवा. मंडळाला मोठें नांव नको. काम नीट असलें म्हणजे पुरे.

ह्या मंडळानें पैसा कोठून आणावा? आम्हांस सुचलेल्या कांहीं वाटा येथें मांडतों. वाचकांनीं आपापल्या गांवाचा विचार करून त्यांत कमीजास्त करावें.

पहिली वाट सुगीची. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हां त्यांच्यापाशीं कोणत्या राजाची तिजोरी होती? खेड्यापाड्यांतून धान्य येई. घरोघरच्या बाया मूठ मूठ धान्य बाजूस काढीत, आणि त्या मुठींवर सर्व जातींचीं पोरें एका पंगतींत जेवून शिकलीं. लक्ष्मीबाईंनीं तर पोरांच्या जेवणासाठीं अंगावरचें सोनें, शेवटीं मंगळसूत्रहि मोडलें. ही आपलीच परंपरा आहे, ती पुन्हां उचलावी. तीनशें घरांच्या गांवांत सुगीच्या वेळीं घरटीं चार किलो ज्वारी दिली, तर बाराशें किलो जमते. किलोला तीस रुपये धरले तर छत्तीस हजार रुपये झाले. गरिबाला रोख शंभर रुपये काढणें जड जातें; खळ्यावर रास पडली असतां चार किलो काढणें जड जात नाहीं. आणि ज्यानें आपल्या हातानें धान्य मापून घातलें, तो पुढें विचारतो कीं त्या धान्याचें काय झालें? आम्हांस असाच विचारणारा पाहिजे आहे.

दुसरी वाट लग्नाची. आमच्याकडे लग्नांत मानाच्या माणसाला टॉवेल-टोपी बांधतात. हा मान कोणाला कळतो? घरीं गेल्यावर टोपी खुंटीला, टॉवेल गड्याला. एका लग्नांत चारशें टॉवेल-टोप्या निघतात असें धरा; जोडीचे शंभर रुपये म्हटले तरी चाळीस हजार झाले. वरबापानें व वधूबापानें मांडवांत उभें राहून सांगावें कीं, "हा मान आम्हीं शिपायांच्या घरांस दिला." एकहि पाहुणा रागावणार नाहीं. रागावलाच तर तो पाहुणा नव्हे, टोपीचा गिऱ्हाईक समजावा! तीच गोष्ट बाराव्या-तेराव्याच्या जेवणावळींची, वाढदिवसाच्या फ्लेक्सची आणि कानठळ्या बसविणाऱ्या डीजेची. फलकावर हात जोडून उभ्या असलेल्या पुढाऱ्याला पाऊस धुऊन टाकतो. तेवढ्या पैशांत एका पोराच्या वर्षाच्या वह्या येतात.

तिसरी वाट यात्रेची. गांवच्या यात्रेला वर्गणी निघतेच. कुस्त्यांचा फड होतो, तमाशा होतो, नारळाचा लिलाव होतो. फडांतली एक जोड शिपायांच्या घरांसाठीं लावावी, आणि त्या जोडीच्या वेळीं मैदानांत चादर फिरवावी. पैलवान हा शिपायाचा सख्खा भाऊ आहे. तो आपल्या इनामांतला वांटा दिल्यावांचून राहाणार नाहीं. फडमालकाशीं बोलून वर्षांतून एक खेळ मदतीसाठीं लावतां येतो, फक्त कलावंतांची बिदागी बुडवूं नये. दुसऱ्या गरिबाच्या पोटावर पाय देऊन केलेली मदत आम्हांस नको.

चौथी वाट सोसायट्यांची. दूधसंस्थेचा दरफरक दिवाळीला येतो, विकास सोसायटीचा लाभांश येतो, कारखान्याचें ऊसबिल येतें. येथें एक गोष्ट बजावून सांगतों. परस्पर कपात करूं नये. शेतकऱ्याच्या बिलांतून टनामागें अमुक कापलें, तें कोणत्या निधीला गेलें हें त्याला पावतीवरूनच कळतें. कधीं कळतहि नाहीं. अशा कपातीनें चांगल्या कामाचाहि विटाळ होतो. ज्याची खुशी असेल त्यानें लेखी संमति द्यावी. एक रुपयाची असली तरी चालेल. शंभर जणांचा खुशीचा एक रुपया हजार जणांच्या सक्तीच्या दहा रुपयांपेक्षां अधिक काळ टिकतो. जवळ मोठे कारखाने असतील तर त्यांच्याकडेहि जावें. २०१३ च्या कंपनी कायद्यानें मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकामाला खर्चावे लागतात, आणि माजी सैनिक, युद्धांतल्या विधवा व त्यांच्यावर अवलंबून असलेलीं माणसें ह्यांच्यासाठीं केलेला खर्च त्यांत मोजला जातो. मात्र मंडळाची नोंदणी व हिशेब स्वच्छ नसला तर तेथें कोणी दारांत उभें करणार नाहीं.

पांचवी वाट आम्हांस सर्वांत अधिक मोलाची वाटते. इंग्लंडांत पहिल्या महायुद्धानंतर १९२१ सालीं खसखशीच्या तांबड्या फुलाचा दिवस सुरू झाला. लोक कागदाचें वा कापडाचें फूल छातीला लावतात व पैसे देतात. पहिलीं फुलें फ्रान्समधून आलीं होतीं. पुढें १९२२ सालीं तेथें कारखानाच निघाला आणि युद्धांत हातपाय गमावलेले शिपाई मजुरी घेऊन तीं फुलें करूं लागले. ह्यांतला धडा घेण्यासारखा आहे. ज्यांच्यासाठीं पैसा गोळा करावयाचा, त्यांच्याच हाताला काम देऊन तो करावा. आमच्या खेड्यांत बायांचे बचत गट आहेत. दिवाळीचा फराळ, सांडगे, पापड, मसाला, गोधड्या त्या करतात. शहरांतले लोक दिवाळींत सीमेवरच्या जवानांना फराळाचे डबे पाठवितात, राख्या पाठवितात. फार चांगलें करतात! तो फराळ त्यांनीं शिपायाच्याच घरच्या बायांकडून विकत घ्यावा. शिपायाला डबाहि पोंचेल आणि त्याच्या घरीं मजुरीहि पोंचेल. बाई ओटी पसरून उभी राहाणार नाहीं. माल मोजून देईल आणि दाम मोजून घेईल.

शाळेविषयीं दोन शब्द लिहिणें आमचें कर्तव्यच आहे. पोरांच्या हातीं डबा देऊं नये हें वर सांगितलें. पण शाळाशाळांतून बाल-बाजार भरतात; पोरें घरची मेथी, कोथिंबीर, बोरें, ताक आणून विकतात व हिशेब शिकतात. त्या बाजाराच्या नफ्यांतून किती द्यावें, आणि द्यावें कीं नाहीं, हें पोरांनींच हात वर करून ठरवावें. मास्तरनें दबाव घालूं नये. स्वतः कमावून, स्वतः ठरवून दिलेला पांच रुपयांचा आंकडा पोर जन्मभर विसरत नाहीं.

आतां पैसा आला. तो ठेवावा कसा? खेड्यांत वर्गण्या बुडतात त्या बहुधा देणाऱ्यांच्या कंजूषपणामुळें नव्हे. हिशेब न मिळाल्यामुळें बुडतात. म्हणून आरंभींच चोख असावें. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५० च्या कायद्याखालीं मंडळ नोंदवावें. नोंदणी होईपर्यंत पैसा गोळा करावयाचा असेल तर त्या कायद्याच्या ४१ क कलमाप्रमाणें धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीची परवानगी घ्यावी. गणेशमंडळें घेतात तशीच. नंबर घातलेलीं पावतीपुस्तकें छापावीं. बँकेंत खातें काढावें, त्यावर तिघांच्या सह्या लागाव्या, आणि त्यांत एक सही शिपायाच्या विधवेची असावी. धान्य विकलें तर बाजाराची पट्टी जपून ठेवावी. आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर ह्या दिवशींच्या ग्रामसभांत जमाखर्च मोठ्यानें वाचून दाखवावा. देणाऱ्यांचीं नांवें वाचावीं. घेणाऱ्यांचीं वाचूं नयेत. एवढें तारतम्य न राखलें तर मदत म्हणजे दवंडी होऊन बसते.

खर्च कशावर करावा, हें सर्वांत महत्त्वाचें. सरकार जें देतें तेंच आपण पुन्हां देण्यांत अर्थ नाहीं. फटी असतात त्या बुजवाव्या. पहिली फट कागदांची. बाईचें नांव लग्नापूर्वीं एक, लग्नानंतर दुसरें; आधारावर तिसरें, आणि पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसांतल्या पार्ट टू ऑर्डरींत चौथें. एका वेलांटीसाठीं पेन्शन अडतें. मग प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रांतली जाहिरात, तालुक्याच्या खेपा, जिल्ह्याच्या खेपा. २०२३ सालापासून बायांना एस्टींत अर्धें तिकीट झालें, पण बुडालेला रोज कोण भरून देतो? हा रोज आणि हा कागदांचा खर्च निधींतून द्यावा. हल्लीं लष्करी पेन्शनीचें काम 'स्पर्श' नांवाच्या संगणकी व्यवस्थेवर गेलें आहे. दरसाल हयातीचा दाखला त्यावर चढवावा लागतो. म्हातारीच्या झिजलेल्या बोटाचा ठसा यंत्र घेत नाहीं. शाळेंत संगणक आहे, मास्तर आहे, दहावी झालेलीं पोरें आहेत. महिन्यांतून एक रविवार ह्या कामाला दिला तर पैशावांचून अर्धें काम होईल. नवऱ्याच्या रजेंतच हीं नांवें तपासून घेतलीं तर उरलेलें अर्धेंहि होईल. शिपाई जिवंत असतांना कागद नीट करणें ही सर्वांत स्वस्त मदत आहे.

दुसरी फट पहिल्या महिन्यांची. मृत्यूनंतर कागद हालून पहिलें पेन्शन हातीं पडेपर्यंत मध्यें काळ जातो. त्या काळांत घर सावकाराच्या दारीं जातें. तेवढा काळ किराणा, शाळेची फी, औषध आणि पेरणीचें बियाणें निधींतून द्यावें. परत मागूं नये. तिसरी फट पोरांच्या शिक्षणाची. सैनिक कल्याण विभागाचीं वसतिगृहें जिल्ह्याच्या गांवीं आहेत, परंतु त्यांची माहिती खेड्यांत पोंचत नाहीं. पोर तेथपर्यंत नेऊन पोंचविणें, अंथरूण-पांघरूण, पहिल्या वर्षाचीं पुस्तकें, हें मंडळानें करावें. विशेषतः मुलींचें. बाप गेला कीं प्रथम मुलीची शाळा सुटते आणि मग तिच्या लग्नाची घाई होते. हें थांबविलें तर एकाच कामानें निधीचें सार्थक झालें.

वांटणींतहि शहाणपण पाहिजे. लढाईंत जवान पडला कीं आठ दिवस पैशांचा पूर येतो, आणि नवव्या दिवशीं आटतो. एकाच घरीं पूर, शेजारच्या घरीं दुष्काळ! केंद्रीय पोलीस दलांतल्या जवानांच्या घरांसाठीं २०१७ सालीं 'भारत के वीर' नांवाची व्यवस्था निघाली. तींत एका जवानाच्या खात्यावर १५ लाखांपर्यंतच देणगी घेतात. तेवढी झाली कीं पुढच्याकडे वळवितात. गांवानेंहि हेंच तत्त्व धरावें. शिवाय दहाव्या दिवशीं घरांत जो पुरुष पुढें असेल त्याच्या हातीं रक्कम ठेवूं नये. सासू-सासऱ्यांचा वांटा त्यांच्या नांवें, सुनेचा तिच्या नांवें, पोरांचा पोरांच्या नांवें बँकेंत घालावा. पैशानें एका छपराखालच्या माणसांत भिंत उभी राहिली, तर देणाऱ्याचें पुण्य आणि घेणाऱ्याचें घर दोन्हीं जातात.

ह्यावर दोन आक्षेप येतील, त्यांची उत्तरें देऊन पुरें करतों. एक आक्षेप असा कीं, "सरकारनें करावें तें गांवानें कां करावें? सरकार मोकळें सुटेल." सरकारला मोकळें सोडा असें आम्ही म्हणत नाहीं. उलट, ज्या गांवांत मंडळ आहे, यादी आहे, कोणाचा अर्ज किती दिवस पडून आहे ह्याची नोंद आहे, तेंच गांव कचेरींत जाऊन टेबलावर हात आपटूं शकतें. एकट्या बाईला 'उद्यां या' म्हणतां येतें. वीस बायांना म्हणतां येत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. "शिपायाचेंच घर कां? कर्जापायीं गळफास घेतलेल्या शेतकऱ्याची विधवा, ऊसतोडींत मेलेल्या मजुराचीं पोरें, हीं गांवचीं नव्हत का?" आहेत, आणि त्यांचा हक्क तसूभरहि कमी नाहीं. कित्येकदां तर एकाच घरांतला थोरला भाऊ शेतांत मेलेला असतो आणि धाकटा पलटणींत असतो. आमचें म्हणणें एवढेंच कीं, आरंभ कोठून तरी झाला पाहिजे, आणि शिपायाच्या घराविषयीं गांवांत दुमत नसतें. जात, पक्ष, भावकी विसरून लोक ज्या एका दारीं एकत्र येतात, तें हें दार आहे. तेथें एकदां खुशीनें देण्याची, उघड हिशेब ठेवण्याची आणि विधवेला मंडळाच्या बैठकींत खुर्चीवर बसविण्याची संवय लागली, म्हणजे तीच संवय पुढच्या दारीं जाईल. जोतीरावांनीं आणि भाऊरावांनीं आपल्याला सांगितलें तें निराळें काय होतें?

म्हणून गांवोगांवच्या बंधुभगिनींस आमची विनंति आहे. येत्या ग्रामसभेच्या आधीं आपल्या गांवची यादी करा. नोकरींत किती, निवृत्त किती, विधवा किती, पेन्शन कोणाचें अडलें आहे, अग्निवीर होऊन कोण गेला आहे, घरीं म्हातारें कोण आहे. एक दुरेघी वही आणि चार दिवस एवढेंच भांडवल ह्याला लागतें. ती यादी ग्रामसभेंत वाचा आणि तेथेंच मंडळ नेमा. मग ७ डिसेंबरला छातीला झेंडा लावतांना तुमच्यापैकीं प्रत्येकाला निदान एका घराचें नांव आणि त्या घरची अडचण ठाऊक असेल. तेवढें झालें तर त्या कागदी झेंड्याची किंमत आम्ही लाखाची समजूं.

एक खेडवळ मास्तर